गाडी बंद, तरी इंजिन तापतंच! जुन्या गाड्यांना छळणारा 'हीट सोक' म्हणजे काय?

रविवारची सकाळ. मुंबईहून निघालेली एक जुनी फियाट बोरघाट चढून लोणावळ्यात पोहोचते. घाटात तिने एकदाही त्रास दिलेला नसतो. गाडी बाजूला लावून मंडळी चहा-वडापावसाठी उतरतात. वीस मिनिटांनी परत येऊन सेल्फ मारला, तर इंजिन फिरतं पण सुरू होत नाही. पेट्रोलचा वास येऊ लागतो. मग बोनेट उघडून सगळे आत डोकावतात, कोणी प्लग काढायला सांगतं, कोणी धक्का मारायला. अर्ध्या तासाने मात्र काहीच झालं नसल्यासारखी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते.

क्लासिक गाडी बाळगणाऱ्या बहुतेकांनी हा अनुभव घेतलेला असतो. अनेकदा या नादात कॉइल, प्लग, बॅटरी असं सगळं बदलून होतं, पण दोष सापडत नाही. कारण दोष सुट्या भागात नसून उष्णतेत असतो. यालाच 'हीट सोक' म्हणतात.

गाडी बंद केल्यावर नेमकं काय होतं?

गॅस बंद केला तरी तवा बराच वेळ तापलेला राहतो. इंजिनाचंही तसंच आहे. चालू इंजिनात पाणी साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसवर फिरत असतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारा बिडाचा भाग, मात्र कित्येकशे अंशांपर्यंत तापतो. तरीही सगळं सुरळीत चालतं, कारण पंखा वारा देतो, वॉटर पंप पाणी फिरवतो आणि टाकीतून थंड पेट्रोल येत राहतं.

जुन्या गाड्यांत पंखा आणि वॉटर पंप दोन्ही इंजिनाच्या बेल्टवर चालतात. चावी फिरवली की दोन्ही एकदम थांबतात. साठलेली उष्णता मात्र कुठेतरी जाणारच. ती आजूबाजूच्या भागांत शिरते आणि बोनेटखालचं तापमान कमी होण्याऐवजी काही काळ वाढतं. बंद केल्यानंतरची साधारण १० ते ३० मिनिटं सर्वांत त्रासाची असतात.

सर्वाधिक फटका कोणाला?

पहिला नंबर कार्बोरेटरचा. त्याच्या बाउलमध्ये थोडं पेट्रोल कायम साठलेलं असतं. पेट्रोल हे अनेक घटकांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. बाउल तापला की दूध उतू जावं तसं पेट्रोल जेटमधून इंजिनात सांडतं. इंजिन 'ओव्हरफ्लो' होतं आणि सुरू होत नाही. हे कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइलही धुऊन नेतं. त्यामुळे वारंवार असं झालं तर पिस्टन रिंगची झीज वाढते.

अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात तर हवा आत घेणारा आणि धूर बाहेर टाकणारा मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत. म्हणजे कार्बोरेटर जवळजवळ शेगडीवरच ठेवल्यासारखा.

दुसरा फटका फ्युएल पंपाला. इंजिनावरच बसवलेला हा पंप टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि पेट्रोल आणखी लवकर उकळतं. नळीत वाफ भरली की पंप नुसताच हलत राहतो, पेट्रोल पुढे जात नाही. हा झाला 'व्हेपर लॉक'.

याशिवाय रबरी होज पाइप, फॅन बेल्ट, वायरिंगचं आवरण आणि कंडेन्सर यांचं आयुष्यही दर वेळी थोडं-थोडं कमी होतं.

नव्या गाड्यांना हा त्रास का नाही?

नव्या गाड्यांत पंप टाकीच्या आत असतो आणि तो पेट्रोल दाबाखाली पुढे ढकलतो. दाब वाढला की उकळण्याचं तापमानही वाढतं, अगदी प्रेशर कुकरसारखं. शिवाय रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो. अनेक गाड्यांत तो इंजिन बंद झाल्यावरही थोडा वेळ फिरत राहतो.

इथेनॉलमुळे अडचण वाढली आहे का?

देशात २०२५मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि पेट्रोलमध्ये मिसळल्यावर मिश्रणाच्या बाष्पीभवनाची चालही बदलते. मात्र क्लासिक गाड्यांसाठी मोठी काळजी आहे ती रबराची. जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या, डायफ्राम आणि पॅकिंग इथेनॉलमुळे फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. तडकलेली नळी, तापलेला मॅनिफोल्ड आणि एखादी ठिणगी एकत्र आली, तर आग लागायला वेळ लागत नाही. त्यामुळे इथेनॉल चालेल अशी खात्री असलेल्याच नळ्या बसवाव्यात आणि त्या दरवर्षी तपासाव्यात.

गाडी थांबवताना काय करावं?

- शेवटचे एक-दोन किलोमीटर गाडी हळू चालवा. वाऱ्यानेच इंजिन बरंच निवतं.
- घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका. एक-दोन मिनिटं इंजिन आयडलवर राहू द्या. पंखा आणि पाणी फिरत राहतं. काटा लाल खुणेकडे गेला असेल आणि पाणी कमी असल्याची शंका असेल, तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करा.
- सावलीत उभी करून बोनेट उघडा. गरम हवा वर निघून जाते.
- इंजिन बंद असताना चावी 'ऑन' ठेवू नका. पॉइंट जुळलेले असतील तर कॉइलमधून करंट वाहत राहतो आणि आधीच तापलेली कॉइल जळू शकते.
- वाळलेल्या गवतावर गाडी लावू नका. इंजिन निवेपर्यंत कव्हरही घालू नका.

सुरू होत नसेल तर?

चोक बंद ठेवा. अ‍ॅक्सिलरेटर सारखा दाबत बसू नका, त्याने आणखी पेट्रोल आत जातं. पेडल पूर्ण दाबून तसंच धरा आणि सेल्फ मारा. जास्तीची हवा आत जाऊन साचलेलं पेट्रोल बाहेर पडतं. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर मात्र आधी गळती शोधा, तोवर सेल्फ मारू नका.

व्हेपर लॉक असेल तर फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवण्याचा जुना उपाय आजही चालतो. पण तापलेल्या इंजिनावर किंवा मॅनिफोल्डवर थंड पाणी ओतू नका, बिडाला तडा जाऊ शकतो. गरम रेडिएटरचं झाकण तर अजिबात उघडू नका. दाब सुटताच आतल्या पाण्याची वाफ होते आणि उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.

कायमचा उपाय काय?

कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये उष्णता अडवणारा बॅकेलाइटसारखा जाड तुकडा बसवता येतो. दोघांच्या मध्ये पत्र्याची हीट शील्डही लावता येते. अनेक गाड्यांत ती मुळात होती, पण दुरुस्तीच्या वेळी काढून ठेवली आणि परत लावलीच नाही, असं आढळतं. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांबून न्यावी. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी न घालता कूलंट वापरावा, म्हणजे आत क्षार साचत नाहीत. जास्त दाबाचं झाकण मात्र जुन्या रेडिएटरला लावू नये, सांधे फुटतात.

एक्झॉस्टला गुंडाळायची पट्टी वापरताना जपून. पावसाळ्यात ती ओलावा धरून ठेवते आणि खाली गंज चढतो. जुन्या गाडीतलं मूळ उष्णतारोधक आवरण अ‍ॅस्बेस्टॉसचं असू शकतं. ते कोरडं खरवडू नये. गाडीत पावडरचं अग्निशामक सिलिंडर मात्र हवंच.

एवढी काळजी कशासाठी?

कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधूनही ती बाहेर पडली. अ‍ॅम्बेसेडर २०१४मध्ये थांबली. एखादं हेड वाकलं किंवा कार्बोरेटर खराब झाला, तर नवा भाग सहज मिळत नाही.

शिवाय केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते. तिथेही गाडी मूळ रूपात असणं आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरबदल नसणं अपेक्षित आहे. म्हणूनच हवं तेव्हा काढून ठेवता येतील असे छोटे उपाय आणि गाडी थांबवतानाची दोन मिनिटं, हाच सर्वांत स्वस्त विमा आहे. पुढच्या वेळी घाटमाथ्यावर पोहोचल्यावर आधी बोनेट उघडा, मग चहा सांगा.