सातबाऱ्यावर नाव

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावची चावडी. कापसाची वेचणी जोरात आहे, म्हणून बायका सकाळीच आल्यात. तिघी बचत गटाच्या. चौथीचा नवरा पोळ्यानंतर गेला. कर्ज विनापरवाना सावकाराचं, त्यामुळे आत्महत्येचं प्रकरण 'अपात्र'. सरकारी मदतीचे एक लाख रुपये तिच्यासाठी नाहीतच.

ती प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढते. मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, सातबारा. बोंडांनी ओरखडलेल्या बोटांनी घड्या सरळ करते.

"भासऱ्यांचं काय म्हणणं?" तलाठीभाऊ विचारतात.

"म्हणतात, जमीन कुठं पळून चालली? नाव कायले टाकतं?"

गटाच्या अध्यक्षबाई मध्येच बोलतात, "मंग उद्या वावर ठेक्यानं कोणाले द्याचं, हे तेच ठरवतीन ना भाऊ!"

तलाठी सातबारा वाचतात. साडेतीन एकर, वाटणी होऊन एकट्या नवऱ्याच्या नावावर आलेली. "वारस चारच. तुम्ही, दोन लेकरं आणि सासूबाई. चौघांचा हिस्सा सारखा. नवऱ्याच्या भावाचा यात संबंध नाही." १९५६ चा हिंदू वारसा कायदा हेच सांगतो, या घरात ते आज पहिल्यांदा कानावर पडतंय.

अर्ज लिहून होतो. मुलांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' अशी अक्षरं पडतात. ती बोट ठेवून विचारते, "हे काय?"

"अज्ञान पालनकर्ती. लेकरं अठरा वर्षांची होईस्तोवर त्यांच्या हिश्श्याचं तुम्हीच बघायचं."

आता वारस नोंदवहीत नोंद, मग फेरफार, १५ दिवसांची नोटीस, शेवटी मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. भासऱ्यांनी हरकत घेतलीच, तर सुनावणी. "त्या दिवशी आमी येऊ," अध्यक्षबाई सांगून टाकतात. गटाच्या कर्जातून तिनं यंदाचं खत भागवलं. बँकेचं पीककर्ज मात्र सातबारा आणि आठ-अ पाहिल्याशिवाय मिळत नाही.

कोल्हापूरकडच्या हेरवाडनं २०२२ साली विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. मोठं काम झालं. पण कपाळावर कुंकू राहिलं म्हणून बँक तिला दारात उभं करत नाही. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे दीड हजार चूल पेटती ठेवतात, तेही मंजूर झाले तर. शेतकरी म्हणून तिला उभं करतो तो सातबाऱ्याचा हाच कागद.

ती सही करते, पोच मागून घेते आणि चौघी वेचणीला निघतात.

तुमच्या गावात, भावकीत कर्ता माणूस गेला असेल, तर तेराव्याला जेवून परतू नका. तीन महिन्यांच्या आत वारसनोंदीचा अर्ज झाला का, ते विचारा आणि तिच्यासोबत चावडीपर्यंत जा.