कातडीतून आत शिरणारी औषधाची पिशवी

जुळे सोलापुरातल्या कोणत्याही औषध दुकानात सांधेदुखीच्या मलमांची रांग दिसते. दिवसभर मागावर उभे राहणाऱ्यांच्या शहरात ती खपणारच. गोळी पोटाला बाधते आणि मलम पुरते आत जात नाही, कारण कातडीचा वरचा मृत थर बहुतेक औषधे अडवतो.

जर्मनीत ग्रेगोर त्सेव्त्स यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर तोड काढली. डोळ्यांना न दिसणारी, स्निग्ध पदार्थाची लवचीक पिशवी. नाव ट्रान्सफरसोम. पाण्याच्या ओढीने ती कोरड्या कातडीवरून आतल्या ओलाव्याकडे सरकते, अरुंद फटीत दबून पार होते. म्हणून असे मलम लावल्यावर वर प्लास्टिकची पट्टी बांधायची नसते.

आपल्या व्यापाऱ्यांनी लक्ष द्यावे ते कच्च्या मालाकडे. पिशवीचे मुख्य द्रव्य लेसिथिन. सोयाबीन तेल शुद्ध करताना पाणी मारले की जो चिकट गाळ निघतो, त्यातून ते मिळते. बार्शीच्या बाजारात सोयाबीनची आवक मोठी आहे. मात्र गाळ आणि औषधी दर्जाचे लेसिथिन यांत शुद्धीकरणाचे मोठे अंतर आहे. दामही त्यातच आहे.

पिशवी लवचीक व्हावी म्हणून साबणासारखा एक पदार्थ मिसळतात. तो सोडियम कोलेट असेल तर सहसा गाय-बैलांच्या पित्तापासून काढलेला असतो. जनावर कसे जबह झाले, हा प्रश्न मग येतोच. पॉलिसॉर्बेट वापरले तर त्यातील चरबीचा अंश वनस्पतीचा की जनावराचा, हे कारखानदाराकडून लेखी घ्यावे. जेरुसलेमच्या एल्का तुइतू यांच्या 'इथोसोम' पिशवीत तर अल्कोहोल पुष्कळ असते, अनेकदा वीस टक्क्यांहून अधिक. बाहेरून लावण्याबाबत उलेमांना विचारावे; आम्ही फतवा देणारे नव्हेत. गिऱ्हाइकापासून लपवू मात्र नये.

आणखी एक गोष्ट 'नॅनो' छापाच्या मालाला भुलणाऱ्यांसाठी. केटोप्रोफेन भरलेल्या या पिशव्यांचे मलम युरोपात गुडघेदुखीवर तपासले गेले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध नसलेल्या नुसत्या पिशव्यांच्या मलमानेही जवळपास तेवढाच आराम दिला! औषधाचा सरस गुण सिद्ध झाला नाही. पुढे औषधाविना मलमच ब्रिटनमध्ये विकायला आले.

तेव्हा एजन्सी घेण्यापूर्वी चाचणीचा कागद मागा. आणि घरी मलम घोटून विकण्याचा विचार कोणी करीत असेल, तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना आधी लागतो.