वाळलेल्या थेंबाची करामत

मे महिन्यातल्या नागपुरात माठातलं पाणी कसं गारेगार लागतं! तोच माठ मुंबईत आणून ठेवा, पाणी जेमतेम निवतं. माती तीच, पाझर तोच. बदलते ती फक्त हवा. फ्लोरिडात ऑरलँडोजवळच्या मॅजिक किंगडम या मनोरंजन उद्यानात जुलैच्या भर दुपारी शिरणारा प्रत्येक जण हा असाच मुंबईत आणून ठेवलेला माठ असतो.

लेकीकडे-मुलाकडे अमेरिकेत गेलेले कितीतरी आजी-आजोबा नातवंडांचं बोट धरून तिथे जातात. तापमान असतं 33 अंशांच्या आसपास. विदर्भातल्या माणसाला त्याचं काय मोठंसं? पण अर्ध्या तासात सदरा पाठीला चिकटतो आणि जीव नुसता कासावीस होतो.

राईडच्या रांगेत उभं असताना मनगटाच्या जरा वर निरखून पाहा. टाचणीच्या डोक्याएवढे थेंब उमलतात, फुगतात, एकमेकांत मिसळतात आणि ओघळू लागतात. हे थेंब सोडणाऱ्या 20 ते 40 लाख घर्मग्रंथी आपल्या अंगावर आहेत. चालताना शरीरात दोन-तीनशे वॉट उष्णता तयार होते आणि ती बाहेर टाकण्याचं काम हे थेंब करतात. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे 580 कॅलरी उष्णता शोषून घेतो. तेवढी उष्णता काढून घेतली, तर अर्ध्या लिटरहून जास्त पाणी एक अंशाने थंड होईल. एका ग्रॅममध्ये एवढी ताकद!

मेख एकच आहे. गारवा घाम येण्यात नाही, घाम वाळण्यात आहे. कोपरावरून टपकलेला थेंब शरीरातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र मागे ठेवतो. दमट हवेत नेमकं हेच होतं. त्वचेवरून पाण्याचे जितके रेणू उडतात, त्यातले बरेचसे हवेतून परत अंगावर येऊन बसतात. घामाच्या धारा लागतात, पण काहिली काही थांबत नाही.

हे एकदा उमगलं, की काय करायचं ते आपोआप सुचतं. पहिला मान वाऱ्याचा. अंगालगत वाफेने भरलेल्या हवेचा एक पातळ थर साचलेला असतो. पंख्याचा झोत तो उडवून लावतो आणि थेंबाला वाळायची संधी देतो. पाण्याचे तुषार उडवणारा छोटा पंखा कोरड्या हवेत जादू करतो. इथे मात्र अंग आधीच भिजलेलं असतं, म्हणून खरं काम पात्याचं. कपडे सैल आणि पातळ हवेत, म्हणजे आतून वारा खेळतो. डोक्यावर छत्री किंवा टोपी हवी, कारण उन्हाची झळ हा वरचा बोजा आहे.

दुसरी गंमत आपल्या तळहातात दडली आहे. तळहात, तळपाय आणि चेहरा यांच्या त्वचेखाली रक्ताच्या खास आडवाटा असतात. अंग तापलं की त्या उघडतात आणि गरम रक्त तिथे भरभरून येतं, मोटारीच्या रेडिएटरसारखं. आग विझवून आलेल्या जवानांना याच कारणासाठी हात कोपरापर्यंत गार पाण्यात बुडवून बसवतात. उद्यानातल्या खाद्यपदार्थांच्या काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट मिळतो. तो पिऊन झाला की नळाच्या गार पाण्याखाली दोन्ही हात निवांत धरा. बर्फाचा खडा मुठीत आवळू नका. अति थंडीने त्या वाटा आकसतात.

घामाबरोबर मीठही जातं, म्हणून मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत सोबत असावं. भर दुपारी ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’सारखा सुमारे 20 मिनिटांचा वातानुकूलित खेळ गाठावा. मात्र कुणाला चक्कर आली, मळमळलं, बोलणं असंबद्ध झालं, तर खेळ तिथेच थांबवून सावलीत न्यावं, अंग पाण्याने भिजवून वारा घालावा आणि तातडीने मदत बोलवावी.

आणि दुपार कलली की आकाशाकडे पाहावं. फ्लोरिडाच्या एका अंगाला अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगाला मेक्सिकोचं आखात. दोन्हीकडून समुद्री वारे आत येतात, मधोमध एकमेकांना भिडतात आणि वर चढतात. उंचावर गेल्यावर त्यांच्यातली वाफ पुन्हा पाणी होते आणि वाफ होताना शोषलेली सगळी उष्णता परत देते. त्याच उष्णतेच्या बळावर काळे ढग मैलोन् मैल उंच चढतात. मग विजा कडाडतात, उघड्यावरच्या राईड थांबतात आणि पावसाबरोबर गार वारा खाली झेपावतो.

त्या ढगात समुद्राची वाफ आहे, तळ्यांची आहे, झाडांची आहे. आणि रांगेत उभं असताना आपल्या मनगटावर जो थेंब वाळला, त्याने उचललेली चिमूटभर उष्णताही त्याच वाटेने वर जाते.