कोयीतून पाच मिनिटांत आंबा!
जादूगाराची गोष्ट, टीव्हीचा पडदा आणि आपले शेत

गारुड्याचा आंब्याचा खेळ पाहिलेली माणसे आता गावोगावी थोडीच उरली आहेत. कापूस विकून, चार पैसे खिशात घालून नागपूरच्या सीताबर्डीत खरेदीला आलेल्या शेतकऱ्याला असे खेळ रस्त्याच्या कडेला दिसायचे, असे जुने लोक सांगतात. गारुडी डमरू वाजवून गर्दी जमवायचा. समोर मातीचा लहानसा ढीग, त्यात आंब्याची एक कोय, वर फडके. मग गोष्ट सुरू व्हायची. जमुऱ्याची थट्टा, राजाची बाग, माळ्याची बायको. फडके उचलले की मातीतून कोंब! पुन्हा फडके, पुन्हा गोष्ट, आणि आता हातभर रोप. शेवटी त्याच रोपाला लोंबणारी कैरी. बघे तोंडात बोट घालायचे. "हे काय होय बाप्पा!" म्हणत पैसे टाकायचे.

शेतीचे शिक्षण घेतलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळते. आंब्याची कोय रुजायलाच दोन-तीन आठवडे लागतात. कलमाला फळ यायला तीन ते पाच वर्षे आणि नुसत्या कोयीपासून वाढवलेल्या झाडाला त्याहून जास्त. मग पाच मिनिटांत कैरी कशी? उत्तर सोपे आहे. फडक्याखाली रोप वाढत नाही, ते बदलते. कोंब, रोप आणि कैरी लागलेली डहाळी हे सगळे आधीच झोळीत तयार असते. अदलाबदल करायला थोडा वेळ लागतो आणि तो वेळ गोष्टीमुळे मिळतो. लोक गारुड्याच्या तोंडाकडे पाहत हसत असतात, तोवर हात आपले काम उरकतात. म्हणजे खरे फडके कापडाचे नसून गोष्टीचे असते.

रस्त्यावरचा गारुडी दिसेनासा झाला. त्याची जागा आधी टीव्हीने आणि आता मोबाईलने घेतली. पण गोष्टीचे फडके तेच आहे. ते ओळखायला शेतकऱ्याने का शिकले पाहिजे, ते सांगण्यासाठी हा लेख. जादूच्या कलेला नावे ठेवण्याचा यात मुळीच हेतू नाही.

रंगमंचावरची जादू

आपल्याकडे जादूला मोठी परंपरा आहे. पुण्याचे जादूगार रघुवीर (१९२४–१९८४) यांनी देशात आणि परदेशात प्रयोग केले. त्यांच्यामागे मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी तो वारसा चालवला. बंगालचे पी. सी. सरकार (१९१३–१९७१) यांनी महाराजाचा पोशाख, फेटा, वाद्ये आणि सजवलेला रंगमंच घेऊन 'इंद्रजाल' हा खेळ जगभर नेला. १९६४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

नाट्यगृहातली जादू अवघड असते. समोर पाचशे माणसे पाचशे ठिकाणी बसलेली असतात. कोणी डाव्या कोपऱ्यातून पाहतो, कोणी माडीवरून. सगळ्यांच्या नजरेतून वस्तू लपवायची म्हणजे रोजचा सराव हवा. म्हणून जादूगार एकेक खेळ गोष्टीत गुंफतो. राजकन्या, राक्षस, बंद पेटी. प्रेक्षक गोष्टीत गुंतला की पेटीच्या मागच्या बाजूचा विचार करत नाही.

१९५६ ची ती रात्र

टीव्हीवर जादू कशी चालते याचे सर्वांत गाजलेले उदाहरण आपल्याच माणसाचे आहे. ९ एप्रिल १९५६ रोजी लंडनमध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा' या कार्यक्रमात पी. सी. सरकार आले. सतरा वर्षांच्या सहायक मुलीला त्यांनी टेबलावर निजवले आणि फिरत्या गोल करवतीने तिच्या अंगातून कापत नेल्याचे दाखवले. करवत थांबली. सरकारांनी मुलीचा हात चोळला, तिला हाक मारली. ती उठेना. त्यांनी मान हलवली आणि तिचे तोंड कापडाने झाकले. एवढ्यात निवेदक रिचर्ड डिंबलबी पुढे आले आणि त्यांनी कार्यक्रम संपल्याचे सांगितले.

झाले! मुलगी मेली असे समजून लोकांनी बीबीसीला इतके फोन केले की लाईनी तुंबल्या. मुलगी धडधाकट होती. वेळ संपल्यामुळे कार्यक्रम थांबवावा लागला, असे नंतर सांगण्यात आले. सरकार वेळेचे पक्के होते, त्यामुळे तो शेवट त्यांनी ठरवूनच साधला असे पुष्कळ जाणकार मानतात. काही असो, दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रांत झळकले आणि लंडनच्या नाट्यगृहातल्या त्यांच्या खेळांची तिकिटे हातोहात गेली.

यात कॅमेऱ्याची काही करामत नव्हती. खेळ जुनाच, नाट्यगृहातला. फरक पडला तो प्रेक्षकामुळे. नाट्यगृहात मुलगी उठेपर्यंत पडदा पडत नाही. टीव्हीवर मात्र गोष्ट अर्धी तुटली आणि उरलेली अर्धी लोकांनी घरी बसून मनानेच पुरी केली. त्यांना उठून रंगमंचामागे जाता येत नव्हते, कोणाला विचारता येत नव्हते. टीव्ही जेवढे दाखवील तेवढेच आपल्याला दिसते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

टीव्हीचे फडके

नाट्यगृहात पाचशे खुर्च्या असतात, टीव्हीवर एकच. कॅमेरा जिथे ठेवला ती खुर्ची. ती कुठे मांडायची हे दाखवणारा ठरवतो. शिवाय चित्रफीत कापता येते, जोडता येते. जे गारुडी फडक्याखाली करायचा ते आता दोन दृश्यांच्या मधल्या जागेत होते. म्हणूनच चांगले जादूगार टीव्हीवर आधी सांगतात की यात कॅमेऱ्याची करामत नाही, आणि समोर खरे प्रेक्षक बसवतात. त्यांना आपल्या हाताचा अभिमान असतो.

१९८३ साली अमेरिकेतल्या डेव्हिड कॉपरफील्ड या जादूगाराने न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा प्रचंड पुतळा टीव्हीवर नाहीसा करून दाखवला. दोन उंच मनोरे, मध्ये भला मोठा पडदा, समोर बसवलेले प्रेक्षक. पडदा उघडला तेव्हा पुतळा नाही! खेळाला स्वातंत्र्याच्या मोलाची गोष्ट जोडलेली होती. पण प्रेक्षक कुठे बसणार आणि कॅमेरा कुठून पाहणार, हे दोन्ही जादूगाराच्याच हातात होते. दुसऱ्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला काय दिसले, ते टीव्हीने दाखवले नाही.

दूध आणि मंत्र

करमणुकीसाठी हे सगळे ठीक आहे. तिकीट काढून फसायला जाण्यात मजा आहे. पण हाच प्रकार कोणी 'खरा' म्हणून सांगू लागला की अडचण होते.

२१ सप्टेंबर १९९५ हा दिवस अनेकांना आठवत असेल. गणपती दूध पितो ही बातमी सकाळपासून फोनवरून आणि टीव्हीवरून देशभर पसरली. लोक वाट्या-चमचे घेऊन देवळांपुढे रांगेत उभे राहिले. शास्त्रज्ञांनी काय केले? दुधात रंग मिसळला. पांढऱ्या दगडावरून पांढरे दूध पातळ थराने खाली ओघळताना दिसत नव्हते, रंगीत दूध ओघळताना स्पष्ट दिसले. दूध चमच्यातून मूर्तीकडे ओढले जाते ते पृष्ठताणामुळे. श्रद्धेला हात न लावता, फक्त एक चिमूट रंगाने उलगडा झाला.

दुसरी घटना ३ मार्च २००८ ची. इंडिया टीव्ही या वाहिनीवर एका तांत्रिकाने मंत्राने माणूस मारून दाखवण्याचा दावा केला. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू म्हणाले, मग माझ्यावरच प्रयोग करा. तांत्रिकाने मंत्र म्हटले, पाणी शिंपडले, हातवारे केले. वेळ वाढवून दिली, रात्री पुन्हा मोकळ्या जागेत विधी झाला. एडामारुकू हसत बसून होते. आव्हान स्वीकारणारा माणूस समोर बसला होता आणि सगळे थेट दाखवले जात होते, त्यामुळे तांत्रिकाला फडके टाकायला जागाच उरली नाही.

नागपूरचे काम, महाराष्ट्राचा कायदा

या कामात नागपूर मागे नाही. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२ साली श्याम मानव यांनी नागपुरातच सुरू केली. समितीचे कार्यकर्ते गावात येतात, बाबा लोक करतात ते 'चमत्कार' स्वतः करून दाखवतात आणि लगेच त्यामागची हातचलाखी समजावून सांगतात. जादूचा खेळ लोकशिक्षणासाठी वापरण्याची ही रीत आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे, त्यांचा प्रसार करून लोकांना फसवणे किंवा दहशत बसवणे हा या कायद्याने गुन्हा आहे. गुप्तधन किंवा पाण्याचा शोध या नावाखाली अघोरी प्रकार करणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. सरपंच, पोलीस पाटील व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. गावात असा प्रकार कानावर आला तर पोलीस ठाण्यात कळवायला उशीर करू नये.

शेतातले फडके

आता आपल्या रोजच्या कामाकडे येऊ. हंगाम आला की टीव्हीवर आणि मोबाईलवर औषधांच्या, टॉनिकच्या, बियाण्याच्या जाहिराती सुरू होतात. आधी सुकलेले, पिवळे पडलेले पीक. मग एक फवारणी. मग लगेच हिरवेगार शेत, बोंडांनी लदलेली पऱ्हाटी, हसणारा शेतकरी. मध्ये गाणे किंवा घरातल्या लग्नाची गोष्ट. हा गारुड्याच्या आंब्याचाच खेळ झाला. पिवळे शेत आणि हिरवे शेत एकच होते का? दोघांच्या मध्ये किती दिवस गेले? त्या दिवसांत पाऊस पडला का, खत दिले का? गोष्ट चालू असताना हे प्रश्न मनात येत नाहीत.

गावच्या बैठकीत हमखास कोणी विचारतो, "साहेब, टीव्हीवर दाखवलं तं खोटं कसं असन?" त्यावर आमचे उत्तर ठरलेले असते. "काका, शेजारची बिनफवारलेली ओळ दाखवली का तिथं?"

सगळी मेख याच ओळीत आहे. कृषी खाते किंवा विद्यापीठ प्रात्यक्षिक घेते तेव्हा बाजूला तुलनेचा पट्टा राखलेला असतो. जमीन तीच, वाण तोच, पेरणी एकाच दिवशी. फरक फक्त एका गोष्टीचा. शिवाय शेत हंगामभर उघडे असते. कोणीही कधीही यावे, चारी बाजूंनी पाहावे, बोंडे मोजावीत. जादूगाराला तुलनेचा पट्टा परवडत नाही आणि प्रात्यक्षिकाला फडके परवडत नाही. सीताबर्डीला लागूनच महाराजबाग आणि १९०६ पासूनचे कृषी महाविद्यालय आहे. बर्डीत कामाला आलात तर दुकानातल्या माणसाबरोबर तिथल्या माणसालाही विचारून पाहा.

पाहताना आणि घेताना

जाहिरात, चित्रफीत किंवा गावात येणाऱ्या विक्रेत्याचे 'लाईव्ह' प्रात्यक्षिक पाहताना पुढील गोष्टी कराव्यात.

१. 'आधी' आणि 'नंतर' यांत किती दिवसांचे अंतर आहे ते विचारावे. तारीख नसेल तर विश्वास ठेवू नये.

२. न फवारलेला पट्टा कुठे आहे ते विचारावे. एकच झाड किंवा एकच फांदी दाखवत असतील तर बाकीचे शेत फिरून पाहावे.

३. नवीन औषध एकदम सगळ्या शेताला देऊ नये. दहा ओळी फवाराव्यात, बाजूच्या दहा सोडाव्यात, खुंटी ठोकून ठेवावी. वेचणीला दोन्हीकडचा कापूस वेगळा मोजावा.

४. कीटकनाशकाच्या डब्यावर नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत पाहावी. पिकाची वाढ करणारी जैव उत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, त्यामुळे 'टॉनिकला कागद लागत नाही' असे सांगणाऱ्याकडून घेऊ नये.

५. नाव-गाव नसलेले द्रावण दुसऱ्या औषधात मिसळू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले, हे विसरू नये. हातमोजे, तोंडाला मास्क आणि अंगभर कपडे घातल्याशिवाय फवारणी करू नये.

६. पक्के बिल घ्यावे. बियाण्याची पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपावे. उगवण झाली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करताना हाच पुरावा कामी येतो.

ग्रामपंचायतींना एक सूचना. खरिपापूर्वीच्या सभेत नुसती भाषणे ठेवू नका. गावच्या शाळेतल्या मास्तरांना किंवा एखाद्या हौशी जादूगाराला बोलवा. त्यांनी दोन खेळ करावेत, मग दोन्ही उलगडून सांगावेत. पोरेही येतील, बायाही येतील. लगेच त्यापाठोपाठ सहायक कृषी अधिकाऱ्याने एका औषधाची जाहिरात मोबाईलवर लावावी आणि लोकांनाच विचारावे, फडके कुठे होते? तासाभराच्या भाषणाने होत नाही ते काम अशा दहा मिनिटांत होते.

जादूगार पैसे घेऊन फसवतो, पण फसवले हे सांगून हसत घरी पाठवतो. त्याच्या कलेला टाळी वाजवायला हरकत नाही. जो फसवतो आणि वर खरे आहे म्हणतो, त्याच्यापुढे मात्र खिशातला हात खिशातच ठेवावा, आणि आधी दहा ओळी सोडून पाहाव्यात.