भिंतीवरचा मासा

पेंढा भरलेला वाघ आपण सर्वांनीच संग्रहालयात पाहिलेला असतो. पण मासा? बाजारातून आणलेले पापलेट संध्याकाळपर्यंत टिकवताना घरात तारांबळ उडते. मग भिंतीवरचा मासा वर्षानुवर्षे टिकतो तरी कसा?

वाघोलीकरांनी तर हा प्रश्न विचारायलाच हवा. त्यांच्या दक्षिणेला वाहणाऱ्या मुळा-मुठेत, पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैलांवर, कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला एक महासीर मिळाला. १८३९ साली त्याने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि लोकांच्या तोंडचे 'खुद्री' हेच नाव शास्त्रात रुजवले. गळाला लागल्यावर जिवाच्या आकांताने झुंजणारा हा मासा साहेबलोकांना वाघाइतकाच प्रिय. म्हैसूरचे व्हॅन इंगेन घराणे शिकारीत पेंढा भरण्यासाठी जगभर प्रसिद्ध होते. त्यांच्यापैकी एकाने १९४६ मध्ये कबिनी नदीत १२० पौंडांचा महासीर पकडला. १९९९ मध्ये त्यांचा कारखाना बंद झाला.

माशाचे काम वाघापेक्षा नाजूक. वाघाच्या कातड्यावरची शिवण केसांत लपते. माशाला तो आडोसा नाही. म्हणून भिंतीकडे जाणाऱ्या कुशीवरच चीर देतात. तत्पूर्वी लांबी, घेर मोजून फोटो काढून ठेवतात. मग खवल्यांसकट कातडी सोलायची, मांसाचा कण न् कण खरवडायचा. आत तेल राहिले, तर ते पुढे पाझरून सगळे काम नासते. टाकणखार चोळलेली कातडी मापाच्या साच्यावर चढवतात, पर पुठ्ठ्यांत धरून पसरतात, काचेचा डोळा बसवतात. काही आठवडे सुकल्यावर पाहावे, तर सोनेरी झळाळी पार उडालेली! ती पुन्हा कुंचल्यानेच आणावी लागते. म्हणजे कातडी माशाची, रंग माणसाचा.

परदेशात आता अनेक हौशी मंडळी माप आणि फोटो घेऊन मासा पाण्यात सोडतात. भिंतीवर लागते ती फायबरग्लासची प्रतिकृती.

आपल्याकडे याहून जुनी रीत आहे. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातले महासीर देवीचे मानले जातात; त्यांना कोणी मारत नाही, उलट खाऊ घालतात. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात तर सत्तरच्या दशकापासून खुद्रीची अंडी उबवून पिल्ले वाढवण्यात आली.

मुळा-मुठेत मात्र आज शहराचे सांडपाणी वाहते. मुलांना खुद्री दाखवायचा झाला, तर तो भिंतीवर दाखवायचा की नदीत? भिंतीवरच्या माशाला रंग देता येतो. नदीला तो वरून देता येत नाही.