पडद्यावरचा काळोख आणि दिवाणखान्यातला उजेड : टीव्ही निवडताना काय पाहावे?

चतुर्थी जवळ आली की पणजी, म्हापसा, मडगावच्या दुकानांत टीव्ही संचांच्या भिंती झळकू लागतात. ‘एलईडी’, ‘क्यूएलईडी’, ‘मिनी एलईडी’, ‘ओएलईडी’ ही नावे सख्ख्या भावंडांसारखी वाटतात; किमतींत मात्र दुपटी-तिपटीचे अंतर असते. सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्यापासून मोठ्या पडद्याचा मोह आणखी वाढला आहे. आठ-दहा वर्षांसाठी घरात येणारी ही वस्तू केवळ नावाच्या झगमगाटावर निवडली, तर पैसे एका गुणाचे मोजले जातात आणि घरी दुसराच येतो. म्हणून या नावांमागील तंत्र समजून घेणे अगत्याचे ठरते.

नाव एलईडी, पडदा एलसीडी

बाजारात ‘एलईडी टीव्ही’ म्हणून विकला जाणारा संच हा मुळात एलसीडी, म्हणजे द्रवस्फटिकांचा पडदा असतो. द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. मागून येणारा प्रकाश किती अडवायचा आणि किती सोडायचा, एवढेच ते ठरवतात. पूर्वी हा प्रकाश बारीक फ्लोरोसंट नळ्यांतून येई. त्या जागी एलईडी दिवे आले आणि दिव्याचे नाव पडद्याला चिकटले.

‘क्यूएलईडी’ची गोष्टही याच वळणाची. या संचात मागच्या निळ्या प्रकाशापुढे क्वांटम डॉटचा पापुद्रा असतो. हे कण इतके सूक्ष्म असतात की केवळ आकार बदलला तरी त्यांतून निघणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. त्यांच्या शोधासाठी व निर्मितीसाठी मौंगी बावेंडी, लुईस ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या कणांमुळे लाल-हिरवे रंग अधिक शुद्ध दिसतात, हे खरे; पण पडदा एलसीडीचाच राहतो आणि त्याचा मूळ दोषही.

खरी परीक्षा काळ्या रंगाची

तो दोष म्हणजे काळोख. द्रवस्फटिकांचे दार कितीही घट्ट लावले तरी फटीतून थोडा प्रकाश झिरपतोच. रात्रीच्या दृश्यातले आकाश त्यामुळे काळे न दिसता राखाडी दिसते. या पडद्यांचेही दोन मुख्य प्रकार आहेत. ‘आयपीएस’ पडद्यात सर्वांत उजळ व सर्वांत गडद भागांचे प्रमाण साधारण १०००:१ असते. ‘व्हीए’ पडद्यात ते ३०००:१ किंवा त्याहूनही अधिक. मात्र व्हीए पडदा कडेला बसलेल्याला फिका दिसतो, तर आयपीएस बाजूनेही बऱ्यापैकी रंग टिकवतो.

‘मिनी एलईडी’ हा या दोषावरचा उतारा आहे. त्यात पडद्यामागे हजारो बारीक दिवे असतात व त्यांचे शेकडो गट स्वतंत्रपणे मंद-तेज करता येतात. तरीही हिशोब ध्यानात घ्यावा. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख बिंदू असतात. दिव्यांचे १००० गट असले, तरी एकेका गटाच्या वाट्याला ८३०० बिंदू येतात. काळ्या आकाशातील चंद्राभोवती किंवा चित्रपटाअखेरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती धूसर प्रभावळ दिसते, ती यामुळेच.

ओएलईडीत हा प्रश्नच उरत नाही. सेंद्रिय पदार्थांपासून बनलेला प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो आणि गरज नसेल तेव्हा पूर्ण विझतो. ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग तांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये या तंत्राचा पाया घातला. २००७ मध्ये सोनीने ११ इंचांचा पहिला ओएलईडी टीव्ही बाजारात आणला. विझलेल्या बिंदूशेजारी दुसरा बिंदू पूर्ण तेजाने उजळू शकतो, म्हणून अंधाऱ्या खोलीत ओएलईडीच्या चित्राची खोली आजही श्रेष्ठ ठरते. कोणत्याही कोनातून ते जवळजवळ सारखेच दिसते, हा आणखी एक लाभ. २०२२ पासून आलेल्या ‘क्यूडी-ओएलईडी’ने त्याला क्वांटम डॉटच्या शुद्ध रंगांची जोड दिली.

घर कसे, तसा पडदा

मग ओएलईडी घेऊन मोकळे व्हावे काय? उत्तर खोलीवर अवलंबून आहे. पडद्याचे तेज ‘निट’ या एककात मोजतात. चित्रपटगृहातील पडद्याचे प्रमाणित तेज अवघे ४८ निट असते. पणजीत इफ्फीच्या काळात हजारो रसिक तेवढ्याच तेजात चित्रपटांचा आस्वाद घेतात, कारण सभागृह काळोखे असते. याउलट गोव्यातील अनेक घरांचे दिवाणखाने मोठ्या खिडक्यांचे, अंगणाकडे उघडणारे. दुपारी तिथला उजेड पडद्यावरून परावर्तित होतो आणि ओएलईडीचा काळा रंगही उजळतो. ज्या गुणासाठी जादा पैसे मोजले, तोच गुण दिवसा धुऊन जातो. अशा खोलीत अधिक तेजाचा मिनी एलईडी संच वरचढ ठरतो. पडदे ओढून रात्री चित्रपट पाहणाऱ्या घरात मात्र ओएलईडीला तोड नाही.

दुसरा मुद्दा पाहण्याच्या सवयीचा. ओएलईडीतील सेंद्रिय पदार्थ वापराने हळूहळू क्षीण होतो. दिवसभर बातम्यांची वाहिनी सुरू असेल, तर कोपऱ्यातील बोधचिन्ह आणि खालची पट्टी यांचा पुसट ठसा काही वर्षांनी पडद्यावर कायमचा उमटू शकतो. हे टाळण्यासाठी अनेक संच रिमोटने बंद केल्यावर आतल्या आत बिंदूंची दुरुस्ती करून घेतात. पण आपल्याकडे रात्री भिंतीवरचा खटका बंद करण्याची सवय घरोघरी आहे. वीज तुटली की ही दुरुस्ती अर्धवट राहते. विजा कडाडत असताना प्लग काढणे योग्यच. एरवी ओएलईडी संचाचा खटका चालू ठेवलेला बरा.

४केचा आकडा आणि केबलचे चित्र

बिंदूंच्या संख्येचा मोहही तपासून घ्यावा. ५५ इंची पडदा सव्वादोन मीटरहून दूर असेल, तर फुल एचडी आणि ४के यांतील तपशिलाचा फरक सामान्य नजरेला जवळजवळ जाणवत नाही. शिवाय साध्या, एचडी नसलेल्या वाहिनीच्या चित्रात सुमारे ४ लाख १५ हजारच बिंदू असतात. उरलेले संचातील प्रोसेसर अंदाजाने भरतो. घरात मुख्यतः अशाच वाहिन्या पाहिल्या जात असतील, तर पडदा जितका मोठा तितका धूसरपणा ठळक. तिथे चांगला प्रोसेसर आणि बेताचा आकार हीच शहाणी निवड.

दुकानात काय करावे?

दुकानातील संच बहुधा सर्वांत भडक ‘व्हिव्हिड’ मोडवर ठेवलेले असतात. ते ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर आणायला सांगावे. समुद्र-फुलांच्या चित्रफितीऐवजी रात्रीचे दृश्य, माणसाचा चेहरा आणि क्रिकेट किंवा फुटबॉलचा सामना पाहावा. काळोख, त्वचेचा रंग आणि गती या तिन्हींची परीक्षा त्यात होते. पडद्याच्या कडेला उभे राहूनही पाहावे. ‘क्यूएलईडी’ संचात दिव्यांचे स्वतंत्र गट आहेत का आणि असल्यास किती, हे विचारावे. पडद्यावरील ठशाला वॉरंटी लागू आहे का, याचे उत्तर लेखी घ्यावे.

सर्वोत्तम पडदा कोणता, याचे उत्तर शेवटी दुकानात नव्हे, घरात दडलेले असते. टीव्ही कोणत्या भिंतीला, खिडकी कुठे, पाहणारे किती आणि काय पाहणार, एवढे कागदावर लिहून दुकानाची पायरी चढणाऱ्या ग्राहकाला फसवणे कठीण.