रिपोर्ट नॉर्मल, त्रास खरा
(हार्मोन आणि मेंदू : लेखांक ६)

पाळीच्या आधीच्या आठवड्यात जगणं नकोसं होणारी बाई डॉक्टरांकडे जाते, रक्त तपासून घेते, आणि प्रोजेस्टेरॉन, इस्ट्रोजेन, थायरॉइड सगळं ठरलेल्या मर्यादेत निघतं. तो कागद पाहून घरचे म्हणतात, "बघ, काही नाहीये तुला. उगाच मनाला लावून घेतेस." या वाक्यामुळे किती जणींना आपलं दुखणं बोलायचंच सोडून द्यावं लागलं असेल! आजचा लेखांक त्या कागदाविषयी आहे. त्यावरचे आकडे बरोबर असतात आणि त्या बाईचा त्रासही खरा असतो. दोन्ही एकाच वेळी कसं शक्य आहे, हे वैद्यकशास्त्राला कळायला साठ-सत्तर वर्षं लागली.

मागच्या लेखांकात आपण कॅथरीन वूली आणि ब्रूस मॅक्युएन यांचं १९९० मधलं काम पाहिलं होतं. उंदराच्या मादीचं ऋतुचक्र चार-पाच दिवसांचं. तेवढ्या अवधीत तिच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या चेतापेशींच्या फांद्यांवरचे बारीक काटे, म्हणजे दुसऱ्या पेशींशी जोडणी करायच्या जागा, जवळपास तीस टक्क्यांनी वाढतात आणि पुन्हा ओसरतात. प्रौढ मेंदूची घडण हार्मोनबरोबर दिवसागणिक हलते, हा तेव्हा मोठा धक्का होता. मग साहजिकच प्रश्न येतो : हार्मोनची ही भरती-ओहोटी जर प्रत्येकीच्या मेंदूत होते, तर तिची झळ काही जणींनाच का बसते?

पहिलं उत्तर सरळ होतं : त्यांच्यात हार्मोन कमी किंवा जास्त असणार. १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक या स्त्रीरोगतज्ज्ञाने १५ बायकांची नोंद प्रसिद्ध केली. पाळीच्या आधी येणाऱ्या असह्य ताणाचं हे वैद्यकीय नियतकालिकातलं पहिलं नेमकं वर्णन मानलं जातं. फ्रँकच्या मते शरीरात स्त्री-हार्मोन साठून राहत होतं. काही गंभीर रुग्णांच्या बीजांडकोशांवर त्याने क्ष-किरणांचा मारा करून पाळीच थांबवली. १९५३ मध्ये इंग्लंडच्या कॅथरीना डाल्टन यांनी रेमंड ग्रीन यांच्यासह नेमकं उलट मांडलं : इस्ट्रोजेन जास्त नाही, प्रोजेस्टेरॉन कमी पडतंय. डाल्टनबाईंनी पुढची कित्येक वर्षं रुग्णांना प्रोजेस्टेरॉन दिलं. या बायकांचं म्हणणं त्यांनी मनापासून ऐकलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण पुढे काटेकोर चाचण्या झाल्या तेव्हा त्यांचा उपाय बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही. आणि रक्त तपासत गेल्यावर लक्षात आलं की त्रास होणाऱ्या आणि न होणाऱ्या बायकांच्या पातळ्यांत सांगण्यासारखा फरकच नाही.

इथे बहुतेकांनी निष्कर्ष काढला असता की मग हे सगळं मनाचे खेळ आहेत. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत पीटर श्मिट आणि डेव्हिड रुबिनो यांनी तो काढला नाही. मला या दोघांच्या प्रयोगांबद्दल फार आदर वाटतो, कारण त्यांनी रुग्णांवर विश्वास ठेवला आणि प्रश्नच बदलला. १९९१ मध्ये त्यांनी मिफेप्रिस्टोन देऊन काही जणींना पाळी लवकर आणवली. शेवटच्या दिवसांतली हार्मोनची उतरण हे कारण असतं तर पाळी आल्याबरोबर त्रास थांबायला हवा होता. तो थांबला नाही. नेहमीच्या वेळी, नेहमीसारखाच चालू राहिला. म्हणजे जे काही घडायचं ते आधीच घडून गेलेलं होतं.

१९९८ चा प्रयोग तर माझ्या मते या क्षेत्रातला मैलाचा दगड आहे. ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन देऊन त्यांनी बीजांडकोशांचं काम तात्पुरतं बंद केलं. पाळीपूर्वीचा त्रास असलेल्या दहा जणींना त्यामुळे आराम पडला. मग त्या दहा जणींना आणि असा त्रास कधीच नसलेल्या पंधरा जणींना, कोणाला काय मिळतंय हे न कळू देता, आळीपाळीने इस्ट्रॅडिओल आणि प्रोजेस्टेरॉन दिलं. दोन्ही गटांना दिलेलं हार्मोन तेच होतं आणि मात्राही तीच. पहिल्या गटात उदासी आणि चिडचिड परतली, दुसऱ्या गटात मन जराही हललं नाही. फरक रक्तात नव्हता, रक्तातलं हार्मोन ज्या मेंदूपर्यंत पोचत होतं त्या मेंदूत होता.

२०१७ मध्ये श्मिट यांच्या गटाने याला आणखी एक दुवा जोडला. अशाच बायकांना त्यांनी तीन महिने दोन्ही हार्मोन एका स्थिर पातळीत दिली. त्रास झाला तो पहिल्या महिन्यात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, पातळी तीच असूनही, तो ओसरला. मेंदूला बोचतो तो पातळीतला बदल. रक्ताची तपासणी एका दिवसाची, एका सकाळची पातळी सांगते. बदल तिच्यात दिसत नाही आणि त्या बदलाला मेंदू काय उत्तर देतो हे तर मुळीच दिसत नाही.

आता ज्या रेणूभोवती हे सगळं फिरतं त्याच्याकडे वळू. त्याचं नाव अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन. नाव लांबलचक आहे, पण लक्षात ठेवण्याजोगं आहे.

१९४१ मध्ये माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये (पुढे 'स्ट्रेस' या कल्पनेमुळे जगभर गाजलेला तोच) उंदरांना प्रोजेस्टेरॉनची मोठी मात्रा टोचत होता. उंदीर गाढ झोपले. प्रजननासाठी म्हणून ओळखलं जाणारं हार्मोन भूल देतं, हे निरीक्षण नोंदलं गेलं, पण कारण कळलं नाही. १९८१ मध्ये पॅरिसच्या एत्येन-एमिल बोल्यू यांनी दाखवलं की उंदराच्या अधिवृक्क आणि प्रजननग्रंथी काढून टाकल्या तरी त्याच्या मेंदूत काही स्टिरॉइड टिकून राहतात. मेंदू हार्मोन नुसतं झेलत नाही, स्वतः घडवतोही. (पाळी लवकर आणण्यासाठी वर जे मिफेप्रिस्टोन वापरलं, त्याच्या निर्मितीतही याच बोल्यूंचा वाटा होता.) आणि १९८६ मध्ये मारिया मायेव्स्का, स्टीव्हन पॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेल्येच्या उंदरांचं कोडं सोडवलं. प्रोजेस्टेरॉन शरीरात आणि मेंदूत दोन पायऱ्यांनी बदलतं, त्यातून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन तयार होतं आणि ते थेट गाबा रिसेप्टरवर जाऊन बसतं.

गाबा हे मेंदूतलं शांत करणारं मुख्य रसायन. त्याचा एक प्रमुख रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची त्याला झेलणारी जागा, पाच प्रथिनांच्या कड्यासारखा असतो आणि मधोमध एक वाट असते. गाबा येऊन चिकटला की वाट उघडते, क्लोराइडचे आयन आत शिरतात आणि पेशीची पेटण्याची तयारी कमी होते. अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन ही वाट जास्त वेळ उघडी ठेवतं. झोपेच्या गोळ्या, बार्बिट्युरेट, दारू यांचा परिणामही मोठ्या प्रमाणात याच रिसेप्टरमधून होतो. म्हणजे बीजांड सुटल्यानंतरच्या दोन आठवड्यांत प्रत्येक बाईच्या मेंदूत शांतवणारं एक औषध आतूनच वाढत जातं आणि मग उतरतं.

मग चिडचिड का? स्वीडनमध्ये उमेओ इथल्या टॉरब्योर्न बेकस्ट्रॉम यांनी या प्रश्नाला आयुष्य वाहिलं. त्यांचं म्हणणं असं की या रेणूची भरपूर मात्रा झोप आणते, पण मधली, पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात असते तितकी मात्रा, काही मेंदूंमध्ये उलटी पडते : शांत करण्याऐवजी बेचैन करते. काही माणसं थोड्या दारूने भांडखोर होतात आणि जास्तीने आडवी होतात, ते याच दारातून. याला दुजोरा देणारा पुरावा २०१६ मध्ये आला. प्रोस्टेटसाठी वापरलं जाणारं ड्युटास्टेराइड हे औषध प्रोजेस्टेरॉनचं अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनमध्ये होणारं रूपांतर अडवतं. ते मोठ्या मात्रेत दिल्यावर पाळीपूर्वीच्या तीव्र विकाराची लक्षणं कमी झाली. त्याआधी, २००५ मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये जेमी मॅग्वायर आणि इस्तवान मोदी यांनी उंदरांत पाहिलं होतं की ऋतुचक्रात गाबा रिसेप्टरचे घटकसुद्धा बदलतात. हार्मोन वर-खाली होतं तसा मेंदू आपले रिसेप्टर कमी-जास्त करत तोल सांभाळतो. ज्या मेंदूला हे वेळेवर साधत नाही, तिथे त्रास सुरू होतो.

हे सगळ्यात उघडपणे दिसतं बाळंतपणात. गरोदरपणाच्या अखेरीस प्रोजेस्टेरॉनची पातळी पाळीच्या चक्रातल्या कमाल पातळीच्या दहापटीच्या आसपास असते, कारण आता ते वार तयार करत असते. त्याबरोबर अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनही चढतं. इतक्या शांतवणीखाली मेंदू सुस्त पडू नये म्हणून तो आपले काही गाबा रिसेप्टर आवरून घेतो. मग बाळ जन्मतं, वार पडते, आणि काही दिवसांत हे सारं हार्मोन कोसळतं. आवरलेले रिसेप्टर पुन्हा मांडायला मात्र वेळ लागतो. रणरणत्या उन्हातून माजघरात पाऊल टाकल्यावर डोळ्यांना काही क्षण काहीच दिसत नाही, तसा हा मधला काळ. बहुतेकींचे डोळे लवकर सरावतात. काहींचे आठवडे न् महिने सरावत नाहीत. मॅग्वायर आणि मोदी यांनी २००८ मध्ये हे रिसेप्टर पुरेसे नसलेल्या उंदीर-माद्या पाहिल्या. एरवी ठीक असलेल्या या माद्या व्यायल्यानंतर नीट घरटं बांधत नव्हत्या, पिलांकडे दुर्लक्ष करत होत्या.

माणसांतला पुरावा २००० सालचा आहे, तोही बेथेस्डाचाच. १६ बायका, कोणीही गरोदर नाही. आठ जणींना आधीच्या बाळंतपणानंतर नैराश्य आलेलं, आठ जणींना नाही. सगळ्यांना आठ आठवडे गरोदरपणासारखं चढं हार्मोन देऊन ते एकदम थांबवलं. पहिल्या आठांपैकी पाच जणींना नैराश्याची लक्षणं आली, दुसऱ्या आठांपैकी एकीलाही नाही. या प्रयोगात बाळ नव्हतं, जागरणं नव्हती, सासर-माहेरचा ताण नव्हता.

'मुलगी झाली म्हणून रडते', 'कौतुक करून घेते', 'आम्हाला नाही झालं असलं काही' हे ऐकलेल्या प्रत्येक बाळंतिणीला हा प्रयोग माहीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास येणारं रडू बहुसंख्य बाळंतिणींना येतं आणि साधारण बाराव्या-चौदाव्या दिवसापर्यंत, म्हणजे बारशाच्या आसपास, ओसरतं. ते ओसरलं नाही, झोप उडाली, बाळाकडे पाहावंसं वाटेना, तर ते वेगळं दुखणं आहे. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला. त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के निघालं. सव्वा महिना तेल-मालिश, शेक-शेगडी, डिंक-अळिवाचे लाडू आपण निगुतीने करतो. त्या सव्वा महिन्यात तिच्या मनाची विचारपूस तितक्याच निगुतीने व्हायला हवी. अर्थात हार्मोन हे एकच कारण नाही. गरिबी, मारझोड, मुलगाच हवा हा दबाव यांनी हे दुखणं वाढतं. पण तोल आधीच नाजूक झालेल्या मेंदूवर हे घाव पडतात, म्हणून ते इतके खोल जातात.

१९८६ च्या त्या शोधातले स्टीव्हन पॉल पुढे एका औषध कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. तिने अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनच शिरेतून ६० तास देण्याजोगं केलं. ब्रेक्सॅनोलोन नावाच्या या औषधाला अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये मान्यता मिळाली. खास बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी मान्यता मिळालेलं ते पहिलं औषध. नेहमीच्या नैराश्याच्या गोळ्यांना आठवडे लागतात, इथे दोन-तीन दिवसांत फरक दिसला. पण रुग्णालयात देखरेखीखाली राहणं भाग होतं, आणि औषधाची किंमत सुमारे ३४ हजार डॉलर होती. २०२३ मध्ये त्याच धर्तीची झुरॅनोलोन ही गोळी आली, चौदा दिवस घ्यायची. एका बाजूला ज्या रेणूची निर्मिती अडवून पाळीपूर्वीचा त्रास कमी होतो, तोच रेणू देऊन बाळंतिणीला बरं वाटतं. वरवर पाहता हे विसंगत आहे. पण दोन्हीकडे बिघडतो तो मेंदूचा जुळवून घेण्याचा वेग, हे धरलं की विसंगती उरत नाही.

मेंदूच्या रचनेबद्दल थोडक्यात. गरोदरपणात मेंदूतला करडा भाग काही ठिकाणी कमी होतो, हे बार्सिलोनाच्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये एमआरआयवर दाखवलं. तो बदल दोन वर्षांनंतरही टिकून होता. २०२४ मध्ये एकाच बाईच्या मेंदूच्या, गर्भधारणेच्या आधीपासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत काढलेल्या २६ प्रतिमा प्रसिद्ध झाल्या. 'बाळंतपणात मेंदू आक्रसतो' अशा बातम्या तेव्हा आल्या. त्या चुकीच्या दिशेने नेणाऱ्या होत्या : बार्सिलोनाच्या अभ्यासात बदल जितका जास्त, तितकी आईची बाळाशी ओढ जास्त, असं दिसलं होतं.

आता ज्यांना हे स्वतःपुरतं जाणून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी. पाळीपूर्वीचा तीव्र विकार शंभरात साधारण दोन ते पाच जणींना असतो, आणि २०१३ पासून अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात त्याला स्वतंत्र निदान म्हणून जागा आहे. त्याचं निदान रक्ताच्या तपासणीने होत नाही. दोन महिने रोज रात्री मनाची स्थिती तारखेसह लिहून ठेवायची आणि ती वही डॉक्टरांना दाखवायची. त्रास पाळीच्या आधी चढून पाळी आल्यावर उतरतो का, हे तिच्यात दिसतं. नैराश्यासाठीच्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या या विकारात काही दिवसांतच लागू पडतात, आणि बऱ्याच जणींना त्या पाळीच्या आधीचे फक्त दोन आठवडे घेऊनही चालतात. गणपतीत किंवा लग्नकार्यात पाळी पुढे ढकलायला नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घरोघरी घेतल्या जातात. तेही हार्मोनच आहे. ज्यांना हा त्रास आहे किंवा बाळंतपणात होऊन गेला आहे, त्यांनी औषधाच्या दुकानातून परस्पर आणण्याआधी ते डॉक्टरांच्या कानावर घालावं. आणि जीव नकोसा वाटत असेल तर वहीची वाट पाहू नये. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

पुढच्या आठवड्यात रजोनिवृत्ती : अंगातून वाफा का निघतात, आणि मेंदूतल्या कोणत्या पेशी त्या काढतात.